टाकी कोण ओतणार

लामीने नियम मोडला हे मला डेन्मार्कमध्येच नाकाने सांगितलं.

नियम एकच आहे आणि एकोणीस वर्षं जुना आहे. कॅराव्हॅनमधल्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरातल्या, संडासात फक्त एक नंबर. दोन नंबरला जायचं असेल तर कागदाची गुंडाळी काखेत मारायची आणि अख्ख्या कॅम्पिंगच्या तळादेखत चालत तिथल्या सामायिक संडासांच्या इमारतीपर्यंत जायचं, मग पाऊस असो नाहीतर गारा. हॉलंडमधल्या आमच्या मेप्पलमध्ये कॅराव्हॅन ओढणारं झाडून सगळं गाव हा नियम पाळतं, त्यावर बोलत मात्र कोणी नाही. कारण उघड आहे. त्या संडासाखाली एक चपटी टाकी असते. ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, चाकांवरच्या बॅगेसारखी ओढत न्यायची आणि ठरलेल्या जागी ओतायची. वर बसून जे केलं ते खाली कुणाला तरी ओतावं लागतं. आमच्यात ते लामी ओतते. गाडी मी चालवते, कॅराव्हॅन मागे मी घेते, टाकी लामी ओतते. पहिल्याच वर्षी ठरलं आणि पुन्हा कधी त्यावर चर्चा झाली नाही.

मला किळस येते. हे मी लाजून सांगत नाहीये. छत्तीस वर्षं मी एका धुलाई कारखान्यात काढली, हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. माझं काम डाग ओळखायचं. पट्ट्यावरून चादर पुढे आली की बघायचं आणि बोलायचं: वाइन, बीट, रस्सा, लिपस्टिक, रक्त, आणि पुढची नावं मी घेणार नाही. डाग कसला ते न ओळखता गरम पाण्यात टाकला की तो जन्माचा बसतो. माणसं चादरीत काय काय करून ठेवतात हे एवढं बघितल्यावर कुणी लग्न कसं करतं हे मला कोडंच आहे. मी केलं नाही. लामीने केलं, तीन पोरं काढली, आणि वर घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची नोकरी धरली. तिला कशाचीच शिसारी नाही. कुणाची तरी कवळी धुऊन झाली की हात पुसून त्याच बोटांनी ती बिस्कीट उचलेल. मला ती 'नाकवाली' म्हणते. अख्खी मैत्री या दोन टोकांवर उभी आहे आणि मला वाटायचं, चांगली उभी आहे.

एकोणीस वर्षं आम्ही नॉर्थ केपला निघतोय. कारखान्यात माझ्या जागेसमोर भिंतीला एक कार्ड चिकटवलेलं होतं. नॉर्वेचं शेवटचं टोक, उंच कडा, कड्यावर लोखंडी गोल, आणि पुढे नुसतं पाणी. दुसऱ्यांच्या चादरींच्या वाफेत उभी राहून मी रोज ते बघायची. थंड, स्वच्छ, आणि माणूस नाही. पहिल्या वर्षी हॅम्बुर्गला क्लच जळला. मग लामीच्या लेकीचं बाळंतपण, मग माझी आई, मग लामीचा नवरा बेरेंड. दर वर्षी कुठून तरी परत फिरलो. यंदा मी सदुसष्टची, कॅराव्हॅन सत्तावीसची, दोघींपैकी आधी कोण मोडेल सांगता येत नाही. यंदा नाही तर कधीच नाही, हे मी लामीला निघायच्या दिवशी बजावलं होतं. "यंदा कुणी मेलं तरी मी गाडी वळवणार नाही," असं म्हटलं होतं. लामी हसली होती.

तर डेन्मार्क. सकाळचे दहा, कॉफी ओतलेली, डब्यातून एकेक बिस्कीट काढून डबा बंद केलेला, आणि कॅराव्हॅनमध्ये तो वास.

"लामी, तू नियम मोडलास."

"कुठला?"

"एकच आहे आपल्याकडे."

"नाही मोडला. निळं औषध नाही म्हणून येतोय वास."

हे यंदाचं नवं खूळ. प्रत्येक कॅराव्हॅनवाल्याकडे दोन बाटल्या असतात. निळी खालच्या टाकीत, ती वास मारते आणि सगळं निळंशार करून टाकते, म्हणजे कुणाला काही बघावं लागत नाही. गुलाबी वरच्या धुण्याच्या पाण्यात, ती भांडं चकचकीत ठेवते. लामीच्या नातीने तिला सांगितलं की निळ्याने मासे मरतात. झालं. आजीबाईंनी निळी बाटली घरीच ठेवली आणि टाकीत चमचाभर हिरवा साबण टाकून आल्या.

"मासे जगले, आपण मेलो," मी म्हटलं.

"एक नंबरलाही वास असतो, नाकवाले. इतकी वर्षं निळ्याने झाकून ठेवला होता, एवढंच."

"बिस्कीट हातात असताना बोलू नकोस."

खरं सांगायचं तर मला तेवढ्यात एक समाधान होतं. संडासात खाली बघायची माझी सवय नाही, बसायचं, उठायचं, पाणी सोडायचं, झाकण. पण पाणी सोडताना डोळ्याच्या कडेला भांड्याच्या उतारावर फिकट गुलाबी ओघळ दिसायचा. चला, म्हटलं, निदान गुलाबी बाटली तरी ओतली बाईने. गुलाबीने बहुतेक मासे मरत नसावेत.

त्या दिवशी लामी टाकी ओतून परत आली. टाकी झडपेत सरकवली, हात धुतले, पुन्हा धुतले. मला बरं वाटलं की शेवटी हिलाही किळस यायला लागली. माझ्याकडे बघत म्हणाली, "हार्म्के, तुला बरं आहे ना?"

"या वासात जेवढं बरं असू शकतं तेवढं."

"नाही, म्हणजे पोटात वगैरे. खाली."

"लामी. मी बटाटे सोलतेय."

बटाटे मेप्पलचे, घरून आणलेले, अर्धं पोतं. परक्या मातीतले बटाटे मी तोंडात घालत नाही.

स्वीडनमध्ये शिरलो आणि लामीचं वागणं बिघडलं. तिने आमच्या संडासात जाणंच सोडलं. एक नंबरलासुद्धा. दिवसातून सहादा गुंडाळी काखेत, निघाली. धो धो पावसात, पिवळा रेनकोट घालून, चिखलातून फताड फताड. मी खिडकीतून बघायची आणि डोक्यात तिडीक जायची. कारण माणूस एवढं कधी पळतं? जेव्हा त्याचं पोट बिघडलेलं असतं. आणि पोट बिघडलेल्या बाईने डेन्मार्कमध्ये काय केलं असेल ते माझ्या नाकाने मला सांगितलंच होतं. म्हणजे नियम मोडला, वर खोटं बोलली, आणि आता पतिव्रतेसारखी इमारतीकडे धावतेय.

मी स्वतः त्या इमारतीत मरायला जाणार नाही. दोन नंबरला नाइलाज. पण काय ते एकेक. अंघोळीच्या मोरीत जाळीवर परक्यांच्या केसांचा गोळा, ओला, साबण लागलेला. प्लास्टिकच्या चपला घालून दात घासत फिरणारे पुरुष, अर्धा फेस दाढीवर. भांडी धुवायच्या कुंडीत कुणीतरी मासा धुऊन गेलेलं, खवले तसेच. शेजारच्या तंबूतला माणूस मांडी घालून पायाची नखं कापत होता आणि नखं कुठं उडतायत याचं त्याला काही नव्हतं. त्याच बोटांनी नंतर त्याने सॉसेज उलटलं असतं तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. असल्या जगातून मला त्या कड्यावर जायचं होतं, जिथे नुसता वारा आहे. अजून चार दिवस, अजून तीन दिवस, मी मोजत होते.

आणि लामी प्रश्न विचारत होती. गाडीत, जेवताना, दिवा मालवल्यावर.

"तू पाणी पितेस ना पुरेसं?"

"जळजळतं का काही?"

"पाठीत दुखतं का, खालच्या बाजूला?"

"तुझे ते म्हातारे सुटले तरी तुझी सवय सुटेना," मी म्हणायची. "मला कुणी अंघोळ घालायची नाहीये. माझं काही दुखत नाही, काही जळत नाही, आणि दुखलं तरी तुला सांगणार नाही."

"ते मला माहीत आहे," लामी म्हणाली.

स्टॉकहोम मागे पडलं आणि येव्ल शहराजवळ तिने गाडीतच सुरू केलं. नकाशा मांडीवर, बोट नकाशावर, पण बघत होती माझ्याकडे.

"हार्म्के, परत जाऊ या."

मी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हटलं, "काय झालं?"

"माझा गुडघा."

"गुडघ्याने दिवसातून सहादा इमारतीत पळतेस."

"नात आजारी आहे."

"काल तिने तुला घोड्यावर बसलेला फोटो पाठवला."

ट्रक जवळून गेला, कॅराव्हॅन हलली, मी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग मी बोलले, आणि बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुझं पोट बिघडलंय, तू माझ्या संडासात घाण केलीस, ते कबूल करायची तुझ्यात हिंमत नाही, आणि आता माझी एकोणीस वर्षं तुला पाण्यात घालायची आहेत. बाळंतपणासाठी वळवली, बेरेंडसाठी वळवली. आता तुझ्या जुलाबासाठी वळवणार नाही."

बेरेंडचं नाव मी घ्यायला नको होतं. बेरेंड सहा वर्षांपूर्वी गेला, आतड्याच्या कॅन्सरने, पोटाला पिशवी लावलेली. चार महिने त्यांच्या बैठकीत खाट टाकली होती. मी दर गुरुवारी वाटाण्याचं सूप घेऊन जायची, पातेलं पायरीवर ठेवायची आणि खिडकीतून हात करायची. बेरेंड आतून हात करायचा. आत मी एकदाही गेले नाही. त्या खोलीतला वास दाराच्या फटीतून यायचा आणि माझे पाय पुढे जायचेच नाहीत. लामी त्यावर कधी एका शब्दाने बोलली नाही. मला वाटायचं, तिला समजलंय.

हुडिक्सवालला मुक्काम केला. समुद्राकाठचं कॅम्पिंग, बर्चची झाडं, जागा चढावर. मी एका दमात कॅराव्हॅन मागे घेतली, चाकाखाली ठोकळे सरकवले, पाणसळ लावून बघितली. सरळ. एरवी लामी म्हणते, "आल्या बाई, टाळ्या." त्या संध्याकाळी म्हणाली नाही.

सकाळी दहा वाजता कॉफी झाली. लामीने बिस्किटांचा डबा बंद केला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज टाकी तू ओतायची."

मला वाटलं ती चेष्टा करतेय.

"मी?"

"तू. एकदा. नुसती ओतायची नाही, ओतताना बघायचं."

"लामी, डोकं फिरलंय का तुझं? मी गाडी चालवते. टाकी तू ओततेस. असं ठरलंय."

"ठरलंय ते आज मोडलं. हे बघ, एवढं कर. ओत, नीट बघ, आणि त्यानंतर तू म्हणालीस की पुढे जायचं, तर मी तोंडातून ब्र काढणार नाही. थेट नॉर्थ केप. नाही ओतलीस तर मी आज दुपारच्या आगगाडीने घरी. तू जा एकटी. पण मग टाकी तुलाच ओतावी लागेल, रोज."

तिने माझी बरोबर कोंडी केली. चाळीस वर्षं ओळखते मला भवानी.

"तुझी घाण मी बघू? हा सूड आहे का?"

"माझी नाहीये," लामी म्हणाली. "कोपनहेगन सोडल्यापासून मी त्यात गेलेच नाही. चार दिवस झाले. रोज ओतते, रोज धुते. त्यात जे आहे ते तुझं एकटीचं आहे."

माझं असलं म्हणून काय झालं? स्वतःचं म्हणून मी आजवर काहीच बघितलेलं नाही. आरशात जीभसुद्धा बाहेर काढत नाही मी.

पण दीड हजार किलोमीटर उरले होते. अर्ध्याहून जास्त रस्ता मागे होता. मी उठले. भांडी घासायचे रबरी हातमोजे दोन जोड्या, एकावर एक. नाकाखाली निलगिरीचा मलम, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. झडप उघडली, टाकी ओढली. आत काहीतरी डुचमळलं आणि माझ्या घशाशी कॉफी आली. मी कॉफी गिळली आणि ओढत निघाले. लामी मागून चालत होती, जॅकेटच्या खिशात हात घालून.

ओतायच्या जागी रांग होती. असल्या ठिकाणीसुद्धा माणसं रांग लावतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात. माझ्या पुढचा जर्मन, पांढऱ्या मिश्या, त्याने टाकी ओतली, निळंशार पाणी धबाधबा गेलं, सुंदर निळं, आकाशासारखं. मी त्याच्याकडे हेव्याने बघितलं. त्याने माझे हातमोजे बघितले आणि अदबीने बाजूला झाला.

"टोपण काढ," लामी म्हणाली. "नळी खाली वळव. बटण दाब, नाहीतर अंगावर उडेल."

"अंगावर उडेल म्हणजे?"

"दाब बटण."

मी बटण दाबलं आणि टाकी उलटी केली. डोळे मिटले. मग लामी म्हणाली, "हार्म्के," आणि मी उघडले.

लाल होतं. फिकट नव्हे, ओघळ नव्हे. कपभर चहात बीट पिळल्यासारखं लाल तपकिरी, आणि मध्ये मध्ये काळपट धागे. वास वर आला, मलमाच्या पार झाला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. मी टाकी तशीच धरून उभी राहिले आणि हसले. खरंच हसले.

"गुलाबी औषध आहे ते," मी म्हटलं. "जास्त झालंय तुझं. मी डेन्मार्कपासून बघतेय, भांड्यात गुलाबी उतरतंय. किती ओतलंस? एवढ्यासाठी मला घाबरवलंस?"

लामीने खिशातून हात काढला. हातात गुलाबी बाटली होती. तिने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. टोपणाखालची प्लास्टिकची कडी जशीच्या तशी होती, दुकानातून आणली तशी. आत औषध गळ्यापर्यंत भरलेलं.

"यंदा मी गुलाबी उघडलंच नाही," ती म्हणाली. "वर नुसतं पाणी आहे."

मी बाटलीकडे बघितलं, मग खाली. आणि मग मला जे बघायला नको होतं ते दिसलं. टाकीच्या तोंडाशी पांढरं प्लास्टिक होतं, त्यावर ओघळ वाळला होता. मध्ये लालसर, कडेला बारीक तपकिरी रेघ. छत्तीस वर्षं पट्ट्यावर हा डाग माझ्यासमोरून गेलाय, दिवसातून वीसदा. वाइनची कड जांभळी होते. बीटची कड होतच नाही. तपकिरी कड एकाच गोष्टीची. कारखान्यात नव्या पोरींना हे मीच शिकवायची. मी तोंड उघडलं आणि सवयीने म्हटलं, "रक्त."

"हो," लामी म्हणाली.

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. लामीने माझ्या हातातून टाकी घेतली, पाण्याने खंगाळली, पुन्हा खंगाळली, टोपण लावलं. तिने हातमोजे घातले नव्हते. मी बाजूच्या गवतावर गेले आणि सकाळची कॉफी, बिस्कीट, सगळं बाहेर काढलं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तोच हात, न धुतलेला. मला कळलं आणि मी तो झटकला नाही.

बाकावर बसलो. समुद्र समोर होता, मला तो बघवेना.

"कधीपासून?"

"मला डेन्मार्कमध्ये दिसलं. तुझं कधीपासून आहे ते तुलाच माहीत."

मला माहीत नव्हतं. घरी माझ्या संडासात एक निळी वडी आहे, पाणी कायम निळं. मीच टाकते, दर पहिल्या तारखेला.

"दुखत नाही गं काही," मी म्हटलं.

"न दुखता येतं ते जास्त वाईट, हार्म्के. मी तीन जणांचं बघितलंय."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का? तोंड शिवलं होतं तुझं?"

"सांगत होते. तू बटाटे सोलत होतीस." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "आणि आधी वाटलं, माझंच असेल. म्हणून मी जाणं सोडलं. सोडल्यावरही लाल येत राहिलं. मग भीती वाटली. तुझ्या आजाराची नाही. तुझी."

"माझी कसली भीती?"

"बेरेंडच्या वेळी तू खिडकीतून हात केलास. चार महिने. तो विचारायचा मला, हार्म्के आत का येत नाही, मला घाबरते का. मी सांगायचे, तिला सर्दी झालीय, तुला लागेल. चार महिने सर्दी." लामी आता रडत होती, पण आवाज तसाच सपाट होता. "मला वाटलं, ही स्वतःलाही खिडकीतूनच हात करेल. सांगितलं तर 'शी' म्हणेल आणि गाडी पुढे हाकेल. म्हणून म्हटलं, बघू दे एकदा. तुझा तुझ्या डोळ्यांवर विश्वास आहे, माझ्यावर नाही."

तिचं खरं होतं. पहिल्या दिवशी तिने सांगितलं असतं तर मी 'शी' म्हटलं असतं, आणि आत्तापर्यंत फिनलंडच्या हद्दीजवळ असते.

"चल," मी म्हटलं.

"कुठे?"

"डॉक्टर शोध. नकाशा तुझ्याकडे असतो ना."

आरोग्य केंद्र गावात होतं. मी कॅराव्हॅन सोडून नुसती गाडी घेतली. तिथली नर्स उंच, हात स्वच्छ, नखं कापलेली, मी आधी ते बघितलं. तिने दोन प्रश्न विचारले, मी उत्तर देताना भिंतीकडे बघत होते, आणि तिने मला एक लहान पारदर्शक कप दिला. पारदर्शक. जगात इतके रंग असताना.

"डावीकडे दार," ती म्हणाली.

मी दाराशी गेले. लामी खुर्चीतून उठली नव्हती. पर्स मांडीवर, रेनकोट पर्सवर.

"जा," ती म्हणाली. "मी खिडकीतून हात करते."

चाळीस वर्षांत तिने मला मारलेला हा पहिला खरा टोमणा, आणि नेमका वर्मी लागला. मी कप हातात घेऊन तिथेच उभी राहिले. पाय पुढे जाईनात. बेरेंडच्या दाराशी जसे अडायचे तसेच अडले.

"आत ये," मी म्हटलं.

"संडासात?"

"आत ये म्हटलं ना. माझ्या हातून सांडलं तर?"

ती उठली. ती मोरीएवढी खोली, दोघी म्हाताऱ्या, कोपराला कोपर. तिने दार लावलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली, म्हाताऱ्यांच्या घरी ती अशीच उभी राहत असेल. माझं झालं तेव्हा कप हाताला गरम लागला. सगळ्यात जास्त किळस मला त्या उबेचीच आली. झाकण लावायच्या आधी मी तो दिव्याखाली धरला आणि तळापर्यंत नीट बघितला.

नर्सने त्यात पट्टी बुडवली, मग आत जाऊन डॉक्टरला आणलं. डॉक्टर जेमतेम चाळिशीचा होता. तो म्हणाला की मूत्राशयात बघावं लागेल, इथे नाही, मोठ्या दवाखान्यात, आणि तुम्ही घरी जा, आज निघा, वाटेत फिरत बसू नका. त्याने चिठ्ठी दिली. मी विचारलं, नॉर्थ केपहून परतताना चालेल का. त्याने लामीकडे बघितलं. लामीने नकारार्थी मान हलवली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "नाही."

दुपारी मी कॅराव्हॅन जोडली. कॅम्पिंगच्या फाटकापाशी रस्त्याला दोन पाट्या होत्या, उत्तरेची डावीकडे. मी थांबले. मागे गाडी नव्हती. लामीने वचन दिलं होतं, ब्र काढला नाही. मी उजवीकडे वळवली.

घरी पोचायला पाच दिवस लागले. पाचही दिवस टाकी मी ओतली. लामीने हातमोजे घालू नकोस म्हटलं नाही, मी दोन जोड्या घालायची. रोज मलम, रोज रांग, रोज कुणाचं तरी निळंशार पाणी माझ्या पुढे. रोज घशाशी आलं. रोज मी डोळे उघडे ठेवून शेवटच्या थेंबापर्यंत बघितलं, आणि टाकी धुऊन परत आले की लामी दारात कॉफी घेऊन उभी असायची आणि विचारायची, "कसला होता आज?" मी तिला रंग सांगायची.